साहेबावर केस होते का?

पावसाळ्यातली बैठक होती. कर्जत तालुक्यातली एक कातकरी वाडी. समाजमंदिराच्या पत्र्यावर पाऊस इतका वाजत होता की प्रत्येक वाक्य दोनदा सांगावे लागत होते. विषय जातीच्या दाखल्यांचा होता. तो संपत आला तेव्हा भिंतीला टेकून बसलेल्या एका म्हाताऱ्या बाबांनी विचारले, "ताई, साहेबावर केस होते का?"

सगळी वाडी हसली. बाबा हसले नाहीत.

ते हसणे माझ्या ओळखीचे आहे. कातकऱ्यावर केस होते हे वाडीतल्या लहान पोरालाही ठाऊक असते. शेतातला पंप चोरीला गेला, तार कापली गेली, फार्महाऊसचे कुलूप तुटले की पहिली गाडी वाडीवर येते. केस उलट्या दिशेनेही चालू शकते, अर्जदार म्हणून आपले नाव आणि समोर साहेबाचे असू शकते, हे मात्र त्यांना कोणी सांगितलेले नसते. म्हणून तो प्रश्न विनोदासारखा वाटतो.

बाबांना मी त्या दिवशी "होते" एवढेच सांगितले. पण ते अर्धे उत्तर झाले. कोणावर होते, कशासाठी होते, कुठल्या दारात आणि किती दिवसांत, हे कळल्याशिवाय त्याचा उपयोग नाही. आपल्या त्रैमासिकाचे बरेच वाचक वाड्यांवर काम करणारे शिक्षक, सिस्टर, आरोग्यसेविका आणि तरुण कार्यकर्ते आहेत. राहिलेले अर्धे उत्तर त्यांच्यासाठी लिहिते. मी वकील नाही. विधी सेवा समितीची स्वयंसेवक म्हणून लोकांबरोबर कर्जत-खालापूरच्या कचेऱ्यांत आणि कोर्टात जाते, अर्ज लिहून देते. तिथे जे शिकले तेच इथे सांगते आहे.

आधी माझी चूक

दिवाळीनंतरची गोष्ट. खालापूर तालुक्यातल्या एका वाडीवरचा तरुण दोन रात्री चौकशीसाठी ठेवून घेतला गेला. अटकेची नोंद नाही, कोर्टात नेले नाही, घरी काही कळवले नाही. तिसऱ्या दिवशी सोडला तेव्हा त्याच्या तळव्यांना सूज होती. चौथ्या दिवशी आई त्याला घेऊन माझ्याकडे आली. घरच्यांनी पावसाळ्यातच वीटभट्टीच्या मालकाकडून उचल घेतली होती आणि दोन दिवसांनी ट्रक येणार होता. मी म्हटले, "आता जा. परत आलात की शांतपणे बघू."

ते जूनच्या तोंडावर परत आले. मी त्यांना वकिलाकडे नेले. वकिलांनी पहिला प्रश्न तारखेचा विचारला, दुसरा दवाखान्याच्या कागदाचा, तिसरा पोलीस ठाण्यातल्या कॅमेऱ्याच्या चित्रणासाठी अर्ज केला होता का याचा. तारीख सात महिन्यांपूर्वीची होती. कागद नव्हता. अर्ज नव्हता. मानवी हक्क आयोगाकडे तक्रार करायला अजून वेळ होता आणि ती आम्ही केली, पण त्या तरुणाच्या शब्दाशिवाय हातात काही उरले नव्हते. आई माझ्यावर रागावली नाही. ते मला जास्त लागले.

हा लेख त्या दोन दिवसांविषयी आहे. ट्रक येण्याआधीच्या त्या दोन दिवसांत काय करायला हवे होते, ते मला तेव्हा नीट माहीत नव्हते.

कुठले हक्क मोडले तर?

भारतीय राज्यघटनेचा तिसरा भाग मूलभूत हक्कांचा आहे. आपल्या कामात त्यातली चार-पाच कलमे पुन्हा पुन्हा येतात. कलम १४ म्हणजे कायद्यापुढे सारे समान. कलम २१ म्हणजे जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क. कायद्याने ठरवलेल्या रीतीशिवाय तो कोणी काढून घेऊ शकत नाही. कलम २२ अटकेविषयी आहे. अटकेचे कारण सांगायचे, वकील गाठू द्यायचा आणि प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करायचे. कलम २३ वेठबिगारीला बंदी करते. याशिवाय कलम ३०० अ आहे. ते मूलभूत हक्कांच्या भागात नाही, पण कायद्याच्या आधाराशिवाय कोणाची मालमत्ता काढून घेता येणार नाही असे ते सांगते.

नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात आणखी स्पष्ट केले की अटकेची कारणे लेखी द्यायला हवीत, आणि अटक झालेल्या माणसाला समजेल अशा भाषेत द्यायला हवीत. ज्यांच्या घरात कातकरी किंवा ठाकरी बोली बोलली जाते आणि कचेरीतली मराठी ज्यांना परकी वाटते, त्यांच्यासाठी ही लहान गोष्ट नाही.

एक गैरसमजही दूर करते. कर्जत आणि खालापूर हे तालुके घटनेच्या पाचव्या अनुसूचीतल्या क्षेत्रात येत नाहीत. त्यामुळे पेसा कायदा इथे लागू नाही. "तुमच्याकडे पेसा नाही, तुम्हाला हक्क नाही," असे उत्तर काही ठिकाणी मिळते आणि लोक गप्प बसतात. पण मूलभूत हक्क, वनहक्क कायदा आणि अत्याचार प्रतिबंधक कायदा हे तिन्ही इथे पूर्णपणे लागू आहेत.

सरकारवर की साहेबावर?

बाबांच्या प्रश्नाचा खरा गाभा हा आहे. पैसे कोण देणार आणि शिक्षा कोणाला होणार?

इंग्रजांच्या काळापासून एक कल्पना चालत आली होती की राज्यकारभाराच्या अधिकारात केलेल्या कामासाठी सरकारवर नुकसानभरपाईचा दावा चालत नाही. स्वातंत्र्यानंतरही १९६५ साली उत्तर प्रदेशातल्या कस्तुरीलाल यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तीच मानली. पोलिसांनी जप्त केलेले सोने हवालदारच घेऊन पळाला, तरी सरकार जबाबदार नाही असा निकाल लागला.

बदल झाला १९८३ मध्ये. बिहारचा रुदुल साह १९६८ साली निर्दोष सुटला होता, तरी १९८२ पर्यंत, म्हणजे चौदा वर्षे, तुरुंगातच राहिला. सर्वोच्च न्यायालयाने त्याला नुसते "सुटलास, जा" म्हटले नाही. मूलभूत हक्क मोडल्याबद्दल राज्याने त्याला एकूण ३५,००० रुपये द्यावेत असा आदेश दिला. दोन वर्षांनी जम्मू-काश्मीरचे आमदार भीमसिंग यांना बेकायदा अडकवून ठेवल्याबद्दल ५०,००० रुपये मिळाले.

मग आले नीलबती बेहरा यांचे प्रकरण. ओडिशातल्या या आईचा बावीस वर्षांचा मुलगा डिसेंबर १९८७ मध्ये पोलिसांनी नेला. दुसऱ्या दिवशी त्याचा मृतदेह रेल्वेरुळाजवळ सापडला. आईने सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. ते पत्रच न्यायालयाने याचिका म्हणून दाखल करून घेतले. १९९३ मध्ये निकाल लागला आणि राज्याला दीड लाख रुपये द्यावे लागले. मूलभूत हक्क मोडल्याच्या प्रकरणात सरकारला त्या जुन्या कल्पनेमागे लपता येणार नाही, असे न्यायालयाने या निकालात स्वच्छ सांगितले. मी वाड्यांवर हीच गोष्ट आधी सांगते, कारण तिची सुरुवात एका आईच्या पत्राने होते.

आता आपल्या महाराष्ट्रातला निकाल. रविकांत पाटील या कच्च्या कैद्याला हातकड्या घालून रस्त्यातून नेले गेले. मुंबई उच्च न्यायालयाने याला कलम २१ चा भंग ठरवले आणि संबंधित पोलीस निरीक्षकाने स्वतः १०,००० रुपये द्यावेत असा आदेश दिला. प्रकरण वर गेले. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भरपाई कायम ठेवली, पण ती अधिकाऱ्याच्या खिशातून नव्हे तर राज्य सरकारने द्यावी असे ठरवले, कारण तो अधिकारी म्हणून वागला होता. त्याच्यावर चौकशी करून कारवाई करण्याची वाट मात्र राज्याला मोकळी ठेवली.

पुढे १९९३ मध्ये लखनौ विकास प्राधिकरणाच्या प्रकरणात न्यायालयाने एक पाऊल पुढे टाकले. अधिकाऱ्याच्या त्रास देण्यामुळे भरपाई द्यावी लागली तर ती आधी सरकारी तिजोरीतून द्यावी आणि मग जबाबदार माणसांकडून वसूल करावी, कारण तिजोरीतला पैसा शेवटी लोकांचाच असतो.

तेव्हा साधे उत्तर असे. भरपाई सहसा सरकारकडून मिळते. शिक्षा माणसाला होते. आणि ही दोन वेगवेगळी कामे आहेत, दोन वेगवेगळ्या दारांत.

चार दारे

कुठल्या दारात जायचे हे आपल्याला काय हवे आहे यावर ठरते. म्हणून अर्ज लिहिण्याआधी मी घरच्यांना विचारते, "तुम्हाला माणूस सोडवायचा आहे, पैसे हवेत, शिक्षा हवी, की अडलेले काम व्हायला हवे?" पुष्कळदा चौघे चार उत्तरे देतात. ते आधी घरात मिटवावे लागते.

पहिले दार उच्च न्यायालयाचे. घटनेच्या कलम २२६ खाली मुंबई उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते. कलम ३२ खाली थेट सर्वोच्च न्यायालयातही जाता येते, पण आपल्याला मुंबई जवळ. माणूस बेकायदा अडकवला असेल तर देहोपस्थितीची याचिका होते. त्यात न्यायालय सांगते की माणूस आमच्यापुढे आणा. अधिकारी कायद्याने बंधनकारक असलेले काम करीतच नसेल तर महादेशाची याचिका होते. हक्क उघडपणे मोडला गेला असेल तर भरपाईही मागता येते. पण इथे साक्षी-उलटतपासणी सहसा होत नाही. कागदावरून जे स्वच्छ दिसते त्यावरच न्यायालय चालते. "त्यांनी मारले" विरुद्ध "आम्ही मारले नाही" एवढेच समोर असेल तर दिवाणी कोर्टात जा असे सांगितले जाऊ शकते.

दुसरे दार दिवाणी दाव्याचे. इथे साक्षीपुरावा होतो, म्हणून वेळ लागतो. सरकारवर किंवा सरकारी कामाबद्दल अधिकाऱ्यावर दावा करण्याआधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० खाली दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. घर पाडायला माणसे उद्या येणार असतील तर कोर्टाची परवानगी घेऊन नोटिशीशिवायही तातडीचा दावा करता येतो.

तिसरे दार फौजदारीचे. बेकायदा डांबून ठेवणे आणि कबुलीसाठी मारहाण करणे हे भारतीय न्याय संहितेखाली गुन्हे आहेत. करणारा वर्दीत असला तरी ते गुन्हेच राहतात. ठाण्यात तक्रार घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी पाठवायची, तरीही काही झाले नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे जायचे. कर्तव्य बजावताना केलेल्या कृत्याबद्दल खटला चालवायला काही अधिकाऱ्यांच्या बाबतीत सरकारची पूर्वपरवानगी लागते. ही परवानगी पूर्वी वर्षानुवर्षे अडकून पडत असे. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेच्या कलम २१८ मध्ये सरकारला १२० दिवसांची मुदत आहे. त्या काळात निर्णय झाला नाही तर परवानगी मिळाली असे धरले जाते.

चौथे दार आयोगांचे. राज्य मानवी हक्क आयोग मुंबईत आहे, आणि घटनेच्या कलम ३३८ अ खाली राष्ट्रीय अनुसूचित जनजाती आयोग आहे. फी नाही, वकील लागत नाही, साधा अर्ज चालतो. मानवी हक्क आयोगाकडे घटनेपासून एका वर्षाच्या आत जावे लागते. आयोग भरपाईची आणि कारवाईची शिफारस करतो, तो स्वतः तुरुंगात टाकत नाही.

अत्याचार प्रतिबंधक कायदा इथे कसा लागतो?

अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा, १९८९, हा गावातल्या सवर्णांसाठीच आहे असे अनेकांना वाटते. तसे नाही. आदिवासीला त्याच्या जमिनीतून बेकायदा हुसकावणे आणि वनहक्क भोगण्यात अडथळा आणणे हे या कायद्यात गुन्हे आहेत, वेठबिगारी करायला लावणे हाही गुन्हा आहे. हे करणारा लोकसेवक असेल तर किमान एक वर्षाची शिक्षा सांगितली आहे.

त्यातले कलम ४ तर खास कर्तव्यात कसूर करणाऱ्या लोकसेवकांसाठीच आहे. तक्रार लिहून न घेणे, ती वाचून न दाखवणे, तिची प्रत न देणे, अशा गोष्टी जाणूनबुजून केल्या तर सहा महिने ते एक वर्ष कैद होऊ शकते. त्याआधी प्रशासकीय चौकशीची शिफारस लागते. आणि एक मर्यादा लक्षात ठेवावी: तो अधिकारी स्वतः अनुसूचित जाती किंवा जमातीचा असेल तर हा कायदा त्याला लागत नाही. तेव्हा बाकीचे कायदे वापरावे लागतात.

जंगल आणि दळी

आपल्या भागात सर्वाधिक तंटे वनजमिनीचे. वनहक्क कायदा, २००६, याच्या कलम ४(५) प्रमाणे दाव्याची पडताळणी पूर्ण होईपर्यंत कसणाऱ्याला जमिनीवरून काढता येत नाही. दावा नामंजूर झाला तर कारणासह लेखी कळवायला हवे, आणि कळल्यापासून साठ दिवसांत वरच्या समितीकडे दाद मागता येते. ग्रामसभेच्या वर उपविभागाची समिती, तिच्या वर जिल्ह्याची. कर्जतला प्रांत कार्यालयात "तुमचा दावा फेटाळला" असे तोंडी ऐकून परत आलेली माणसे मी पाहिली आहेत. तोंडी नकारावर दाद मागता येत नाही. "साहेब, हेच लिहून द्या," हे वाक्य वाडीतल्या प्रत्येकाला पाठ असायला हवे.

याच कायद्याचे कलम ७ सांगते की नियम मोडणारा अधिकारी किंवा समिती गुन्ह्यास पात्र आहे. दंड एक हजार रुपयांपर्यंतच आहे, आणि आधी राज्यस्तरीय संनियंत्रण समितीला साठ दिवसांची नोटीस द्यावी लागते. दंड लहान आहे, पण वरच्या अधिकाऱ्यांविरुद्ध ती नोटीस देण्याचा अधिकार ग्रामसभेला आहे, तिच्या ठरावाने. आपल्या जिल्ह्यात २५ सप्टेंबर १९३० रोजी चिरनेरला जंगल सत्याग्रहावर गोळीबार झाला आणि हुतात्म्यांत नाग्या कातकरी होता. तेव्हा लोकांच्या हातात मूलभूत हक्कांची सनद नव्हती. आज आहे, आणि ठराव लिहायला ग्रामसभेची वहीही आहे.

डोंगरावरचा निकाल

सगळी लढाई शिक्षेसाठी नसते, हे दाखवणारा निकाल आपल्याच तालुक्यातला आहे. माथेरानला मोटारींना बंदी, म्हणून माणसाने माणसाला ओढायच्या हातरिक्षा चालत आल्या. ६ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की माणसाने माणसाला ओढणे ही प्रथा मानवी प्रतिष्ठेला धरून नाही. सहा महिन्यांत ती थांबवा, खऱ्या हातरिक्षा चालकांना ई-रिक्षा देऊन त्यांचे पुनर्वसन करा. परिसरातल्या आदिवासी महिलांना आणि इतरांनाही उरलेल्या ई-रिक्षा देण्याचा विचार त्यात आला. पैसे नाहीत ही सबब चालणार नाही, असेही न्यायालयाने बजावले.

या निकालात कुणा साहेबाला शिक्षा झाली नाही. पण सरकारला काम करावे लागेल असा हुकूम झाला. वाडीचा रस्ता, पाणी, दाखला, वेठबिगारीतून सोडवलेल्या कुटुंबाचे पुनर्वसन, अशा प्रश्नांत आपल्याला बहुधा हेच हवे असते.

भट्टीचे सहा महिने, कायद्याचे सहा महिने

आता मुदतीविषयी. इथेच मी चुकले होते.

महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम १६१ प्रमाणे पोलिसांनी कर्तव्याच्या नावाखाली केलेल्या कृत्याबद्दल दावा किंवा खटला सहा महिन्यांत दाखल व्हायला हवा. सरकारच्या परवानगीने खटल्याला दोन वर्षांपर्यंत सवलत आहे. कोठडीतली मारहाण हे कर्तव्य नव्हेच, म्हणून ही मुदत लागू नाही, असा युक्तिवाद वकील करतात, पण त्यावर विसंबून बसू नये. बेकायदा डांबून ठेवल्याच्या भरपाईचा दिवाणी दावा एरवीही एका वर्षात करावा लागतो. मानवी हक्क आयोग, एक वर्ष. उच्च न्यायालयाला ठरावीक मुदत नाही, पण उशीर का झाला हे तिथेही विचारतात.

आता आपले वर्ष आठवा. दिवाळी झाली की कातकरी कुटुंबे वीटभट्टीवर, कोळशाच्या भट्टीवर निघतात. पावसाच्या तोंडावर परततात. ते सहा-सात महिने आणि कायद्याचे सहा महिने एकाच वेळी सरतात. कायदा लिहिणाऱ्यांनी वीटभट्टीचा हंगाम पाहून मुदत ठरवलेली नाही, पण फळ तेच येते: माणूस परत येतो तेव्हा दार बंद झालेले असते. म्हणून "परत आल्यावर बघू" हे वाक्य मी आता उच्चारत नाही.

पहिल्या दोन दिवसांत काय करायचे?

ट्रक निघण्याआधी हे व्हायला हवे.

१. सरकारी दवाखान्यात तपासणी. दुखापत कशाने झाली ते डॉक्टरांना सांगायचे आणि कागद घ्यायचा. माणूस कोर्टात उभा केला असेल तर मारहाण झाल्याचे दंडाधिकाऱ्यांना तिथेच सांगायचे. मुका मार आठवड्याभरात दिसेनासा होतो.

२. हकीकत लिहून काढायची. कोण आले, किती वाजता, कुठे नेले, कोणी पाहिले, कधी सोडले. नाव माहीत नसेल तर छातीवरची पट्टी, गाडीचा क्रमांक, जे आठवेल ते. लिहिणाऱ्याने माणसाचे स्वतःचे शब्द ठेवावेत, सुधारू नयेत.

३. कॅमेऱ्याच्या चित्रणासाठी अर्ज. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे आणि चित्रण अठरा महिने, निदान एक वर्ष, जपण्याचा आदेश दिला. त्या तारखेचे चित्रण पुसू नये म्हणून अधीक्षकांना लेखी कळवायचे. माहितीच्या अधिकारात ठाणे दैनंदिनीची प्रतही मागता येते.

४. प्रत्येक अर्जाच्या दोन प्रती. एकीवर पोच, म्हणजे शिक्का, सही, तारीख आणि आवक क्रमांक घ्यायचा. पोच देत नसतील तर पोस्टाने पाठवून पावती जपायची. पोच नसलेला अर्ज कोर्टात सिद्ध करणे फार अवघड जाते.

५. वकीलपत्रावर सही किंवा अंगठा. अनुसूचित जमातीच्या माणसाला, उत्पन्न कितीही असो, १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली मोफत वकील मिळतो, कोर्ट फी लागत नाही. कर्जत आणि खालापूर या दोन्ही कोर्टांत तालुका विधी सेवा समिती आहे. १५१०० या क्रमांकावरही विचारता येते. एकदा वकीलपत्र झाले की कुटुंब भट्टीवर असतानाही नोटीस आणि दावा वेळेत जाऊ शकतो.

६. भट्टीचा पत्ता. मालकाचे नाव, गाव, तालुका आणि एक चालू फोन नंबर वाडीतल्या शिक्षकाकडे किंवा सिस्टरकडे लिहून ठेवायचा. तारीख लागली आणि माणूस सापडला नाही, यात अनेक चांगली प्रकरणे बुडतात.

जे सांगायला हवे, पण आवडत नाही

प्रत्येक नकार हा हक्काचा भंग नसतो. कागद अपुरा म्हणून दाखला अडला तर अपील आहे, त्यासाठी उच्च न्यायालय नाही. प्रामाणिकपणे चुकलेल्या अधिकाऱ्याला कायदा पुष्कळ संरक्षण देतो आणि ते योग्यच आहे. चिखल तुडवत वाडीवर येऊन सातबारा समजावून सांगणारे तलाठीही मी पाहिले आहेत. उद्या त्यांच्यावरच खोटी तक्रार झाली तर पुढच्या खऱ्या तक्रारीवर कोणी विश्वास ठेवणार नाही.

दुसरे, भीती खरी असते. साहेब बदलून जातो, पण ठाणे आणि कचेरी तिथेच राहते, आणि वाडीही. तक्रार करणारे घर एकटे पडू नये म्हणून अर्जाबरोबर ग्रामसभेचा ठराव जोडता आला तर जोडावा. धमकी आली तर तिचीही त्याच दिवशी लेखी तक्रार करावी. आणि कुटुंबाला नको असेल तर आपण कार्यकर्त्यांनी पुढे ढकलू नये. तारखांचे हेलपाटे त्यांनाच घालायचे असतात. अन्यायी न्यायाधीशाकडे पुन्हा पुन्हा जाणाऱ्या विधवेचा दाखला आपण चर्चमध्ये ऐकतो. ती थकली नाही हे आपण लक्षात ठेवतो. पण ती स्वतःच्या इच्छेने गेली होती, हेही लक्षात ठेवायला हवे.

या वर्षी दिवाळीच्या आधी पुन्हा त्याच वाडीत बैठक घेतली. बाबा होते. मी वरच्या सहा गोष्टी सांगितल्या आणि कोऱ्या अर्जांचा गठ्ठा समाजमंदिरात ठेवला. बाबांनी एक अर्ज उचलला, उलटसुलट करून पाहिला. त्यांना वाचता येत नाही. त्यांनी शेजारी बसलेल्या नातीला विचारले, "यात आपलं नाव कुठं लिहायचं?"

तिने वरच्या ओळीवर बोट ठेवले. या वेळी कोणी हसले नाही.